साडेतीन सेकंद: येलने चौथ्या भेटीत क्विनिपियॅकला कसं हरवलं

१३ एप्रिल २०१३, पिट्सबर्ग. अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात येल विद्यापीठाने क्विनिपियॅकला ४-० असं हरवलं. त्याच मोसमात हे दोन संघ आधी तीनदा भिडले होते आणि तिन्ही वेळा क्विनिपियॅक जिंकलं होतं: ६-२, ४-१, ३-०. तिन्ही सामन्यांची बेरीज १३-३. तिसरा पराभव तर अंतिम सामन्याच्या बरोबर तीन आठवडे आधीचा.

या निकालाला चमत्कार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सामना नीट उलगडून पाहिला की तो कुठे फिरला ते सेकंदासकट दाखवता येतं. त्यासाठी या खेळाची यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागते. हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टर्फ आणि चेंडू येतो, म्हणून आधी तेवढं सांगतो.

बर्फाचं मैदान, म्हणजे रिंक, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. चारही बाजूंनी फळ्या आणि वर काच, त्यामुळे खेळायची वस्तू सहसा बाहेर जात नाही, फळीवर आपटून परत येते. ती वस्तू म्हणजे पक: कडक रबराची चकती, ३ इंच व्यासाची, १ इंच जाड, वजन साधारण १७० ग्रॅम. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, कारण गरम रबर बर्फावर उसळ्या मारतं आणि मग त्याच्यावर कोणाचाच ताबा राहत नाही. गोलची चौकट ६ फूट रुंद, ४ फूट उंच. प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, आणि घड्याळ फक्त खेळ चालू असतानाच पळतं.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. पूर्ण वेगाने स्केटिंग करणारा माणूस ४०-४५ सेकंदांत दमतो. म्हणून तीन आक्रमकांची एक तुकडी, अशा चार तुकड्या, आणि बचावपटूंच्या तीन जोड्या आळीपाळीने उतरतात. खो-खोत तिघांची तुकडी बाद झाली की पुढची आत येते. इथे बाद व्हायची वाट कोणी बघत नाही. खेळ चालू असतानाच फळीवरून उडी मारून माणसं बदलतात. बदल चुकीच्या क्षणी झाला तर समोरचा संघ मोकळ्या बर्फावरून थेट गोलकडे सुटतो. काही गोल असे बदलातल्या गोंधळातून होतात.

दुसऱ्या भागात ही अडचण वाढते. दर भागानंतर संघ बाजू बदलतात, बाकडी मात्र जागची हलत नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या भागात आपलं बाकडं आपल्या बचावक्षेत्राच्या जवळ असतं, दुसऱ्या भागात ते दूर जातं. म्हणजे आपल्या गोलसमोर अडकलेल्या दमलेल्या पाच जणांना बदलायचं तर आधी पक बाहेर काढायचा आणि मग लांबची दौड मारून बाकडं गाठायचं. घाईघाईने पक दुसऱ्या टोकाला भिरकावला तर आयसिंगचा नियम लागतो: खेळ थांबतो, फेस-ऑफ, म्हणजे दोघांमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं, तुमच्याच गोलजवळ होतो आणि तुम्हाला माणसं बदलता येत नाहीत. तेच दमलेले पाच जण, समोर ताजे पाच. येल-क्विनिपियॅक सामन्याचा पहिला गोल दुसऱ्या भागाच्या शेवटी पडला, हे वाचताना हे सगळं लक्षात ठेवा.

आता संघांकडे. कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन शहरात येल आणि शेजारच्या हॅम्डनमध्ये क्विनिपियॅक. अंतर सुमारे १३ किलोमीटर, मधून व्हिटनी अॅव्हेन्यू हा रस्ता जातो. दोन्ही एकाच परिषदेत, म्हणजे आपसात साखळी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, ईसीएसीत, खेळतात, त्यामुळे वर्षातून किमान दोनदा गाठ पडतेच. येल हे कॉलेज हॉकीतलं सर्वांत जुनं नाव. १८९६ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सविरुद्ध झालेला त्यांचा सामना या खेळातला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानला जातो. त्यांचं घरचं रिंक इरो सारिनेन या वास्तुविशारदाने आखलेलं, पाठीच्या कण्यासारख्या वळणाच्या छतामुळे लोक त्याला ‘द व्हेल’ म्हणतात. क्विनिपियॅक पहिल्या श्रेणीत आलं तेच मुळी १९९८ मध्ये.

मग बलाढ्य कोण आणि दुबळं कोण? नाव, पैसा, इतिहास या हिशेबात येल कितीतरी पुढे. बर्फावर मात्र त्या वर्षी चित्र उलटं होतं. क्विनिपियॅकने मोसमात सलग २१ सामन्यांत हार पाहिली नाही, ईसीएसीच्या साखळीत पहिला क्रमांक घेतला आणि राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोच्च मानांकन मिळवलं. शिवाय येल आयव्ही लीग या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातलं, आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. मदत मिळते ती घरच्या आर्थिक गरजेनुसार. इतर संघांना तेव्हा १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती. आयव्हीचे संघ मोसमही उशिरा सुरू करतात आणि नियमित सामने कमी खेळतात. ऑक्टोबरात बाकीचे संघ लयीत येत असतात, तेव्हा यांची सुरुवातही झालेली नसते. येल अगदीच अनोळखी संघ होता असंही नाही. २०११ मध्ये त्यांनीच स्पर्धेत अव्वल मानांकन मिळवलं होतं. २०१३ चा संघ मात्र त्या तोडीचा समजला जात नव्हता.

स्पर्धेत शिरकाव झाला तोही दाराच्या फटीतून. एकूण १६ संघ. त्या वर्षी पाच परिषदांचे विजेते थेट आले, उरलेल्या ११ जागा ‘पेअरवाइज’ नावाच्या क्रमवारीने भरल्या. पद्धत अशी: दावेदार संघांतल्या प्रत्येक दोघांची जोडी लावायची आणि ठरलेल्या निकषांवर तुलना करायची. त्या वेळचे निकष म्हणजे एक गुणांक, ज्यात स्वतःच्या विजयांसोबत प्रतिस्पर्ध्यांचे आणि त्यांच्याही प्रतिस्पर्ध्यांचे विजय मोजत. समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी. इतर दावेदारांविरुद्धची कामगिरी. आणि आपसातले सामने. जास्त जोड्या जिंकणारा वर. कोणा समितीच्या मर्जीचा यात प्रश्न येत नसे. निकाल लागला की आकडे बोलत.

ईसीएसीच्या शेवटच्या आठवड्यात अटलांटिक सिटीत येल उपांत्य फेरीत युनियनकडून ५-० असं हरलं आणि तिसऱ्या जागेच्या लढतीत क्विनिपियॅककडून ३-०. दोन सामने, आठ गोल खाल्ले, एकही केला नाही. आता त्यांचं नशीब दुसऱ्यांच्या हातात होतं. डेट्रॉइटमध्ये दुसऱ्या एका परिषदेच्या अंतिम सामन्यात मिशिगन जिंकलं असतं तर त्या परिषदेचा विजेता म्हणून ते आत आलं असतं आणि येल बाहेर. नोत्र दामने मिशिगनला ३-१ असं हरवलं. मिशिगनची सलग २२ वर्षं स्पर्धेत येण्याची परंपरा तिथे तुटली आणि येल १६ पैकी १५वा संघ म्हणून आत आलं. त्यांच्याखाली फक्त कनिशियस.

१५व्याची गाठ दुसऱ्याशी, म्हणजे मिनेसोटाशी. ग्रँड रॅपिड्समधला तो सामना स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे, इथे थोडक्यात. येल २-० ने पुढे गेलं, तिसऱ्या भागात मिनेसोटाने बरोबरी केली. राष्ट्रीय स्पर्धेत अतिरिक्त वेळ वीस-वीस मिनिटांचा, पाच विरुद्ध पाच, पहिला गोल करेल तो जिंकला. जेसी रूटने तो गोल नवव्या सेकंदाला केला. दुसऱ्या दिवशी नॉर्थ डकोटाविरुद्ध दोन भाग ०-१ ने मागे राहून तिसऱ्या भागात चार गोल, ४-१. येल १९५२ नंतर पहिल्यांदाच अंतिम चार संघांत पोचलं होतं.

उपांत्य सामन्यावर मी जरा थांबतो, कारण अंतिम सामन्याची किल्ली तिथे दिसते. समोर मॅसॅच्युसेट्स-लोवेल, त्यांच्या गोलमध्ये कॉनर हेलेबक, जो पुढे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला अव्वल गोलकीपर झाला. येलने २-० आघाडी घेतली, लोवेलने १४ सेकंदांच्या अंतराने दोन गोल करून बरोबरी साधली. अशा धक्क्यानंतर बहुतेक संघ आक्रसतात: निळ्या रेषेच्या, म्हणजे आपल्या बचावक्षेत्राच्या सीमेच्या, मागे जमतात, पक मिळाला की नुसता बाहेर फेकतात, आणि मग तो पुन्हा पुन्हा त्यांच्याच अंगावर येतो. येलने खेळ बदलला नाही. पक ताब्यात ठेवून वेगाने पुढे नेणं, समोरच्याच्या क्षेत्रात दोन जणांनी दाबणं हेच चालू. अतिरिक्त वेळेत कर्णधार अँड्र्यू मिलरने ६:५९ ला गोल केला. सामन्यातले गोलवरचे फटके: येल ४७, लोवेल १८. बरोबरी झाली तरी बर्फ येलच्याच बाजूने कललेला होता. १५वं मानांकन हे मोसमाचं सरासरी चित्र. एप्रिलमधला येलचा संघ त्या सरासरीहून बराच वर होता.

क्विनिपियॅकने दुसऱ्या उपांत्य सामन्यात सेंट क्लाउड स्टेटला ४-१ ने उडवलं होतं. त्यांचा कणा म्हणजे बचाव आणि गोलकीपर एरिक हार्टझेल. उंची ६ फूट ४ इंच, त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या होबी बेकर पुरस्काराच्या अंतिम तिघांत. अशा गोलकीपरला हरवायचं म्हणजे काय करायचं, हा या सामन्यातला खरा तांत्रिक प्रश्न.

उंच गोलकीपर चौकटीबाहेर थोडा पुढे येऊन उभा राहतो, त्यामुळे नेमबाजाला गोलचा फारच थोडा भाग दिसतो. फटका येताना तो गुडघ्यांवर बसतो आणि पायांचे पॅड बर्फावर आडवे पसरतो. खालची पूर्ण रुंदी बंद. त्याला पक दिसत असेल आणि तो स्थिर असेल तर लांबून मारलेला सरळ फटका जवळजवळ वाया जातो. त्याला हलवावं लागतं. आडवं सरकताना एक पाय ढकलावा लागतो, आणि त्या क्षणी दोन पॅडच्या मध्ये फट पडते. हलवायचे तीन मार्ग: आडवा पास देऊन लगेच फटका, गोलसमोर गर्दी करून त्याची नजर अडवणं, आणि लांबून आलेल्या पकला गोलच्या जवळ काठीने दिशा देणं. तिसरा मार्ग सर्वांत घातक, कारण पक दोन-तीन मीटरवर असताना दिशा बदलली तर माणसाला प्रतिक्रिया द्यायला वेळच उरत नाही. पण तो साधायला मारणाऱ्याने गोलवर मारायचा मोह सोडून साथीदाराच्या काठीच्या पात्यावर मारावं लागतं. फटक्याचा आव, प्रत्यक्षात पास.

अंतिम सामन्याचे पहिले जवळजवळ दोन्ही भाग ०-० गेले. ही क्विनिपियॅकला हवी तशी स्थिती. कमी गोलच्या, घट्ट सामन्यात त्यांचा बचाव वरचढ, हे तीनदा सिद्ध झालेलं. दुसरा भाग संपत आला. बचावपटू गस यंगने डावीकडून निळ्या रेषेजवळून पक जोरात आत मारला, क्लिंटन बोर्बोनेने गोलसमोर त्याला काठी लावली आणि तो हार्टझेलच्या पायांमधून आत गेला. घड्याळात ३.५ सेकंद शिल्लक.

भागाच्या शेवटच्या सेकंदांतला गोल का होतो, याचं कारण साधं आहे. बचाव करणारे घड्याळ बघायला लागतात. गोलसमोरच्या माणसाची काठी उचलून धरणं हे बचावपटूचं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत गरजेचं काम. तिथे अर्ध्या सेकंदाची ढिलाई पुरते. त्यात दुसरा भाग, लांबचं बाकडं, दमलेले पाय. यंगने तो पक कोपऱ्यात टाकून वेळ घालवला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. त्याने आत मारला. मला विचाराल तर पूर्ण स्पर्धेतला सर्वांत मोलाचा निर्णय तोच होता, नवव्या सेकंदाच्या गोलपेक्षाही.

मध्यंतरानंतर क्विनिपियॅकला आपला नेहमीचा सामना खेळता येईना. मागे असलेल्या संघाच्या बचावपटूंना आक्रमणात वर यावं लागतं, आणि ते वर आले की त्यांच्या पाठीमागे बर्फ मोकळा होतो. येलसारख्या वेगवान संघाला नेमकं तेच हवं. तिसऱ्या भागात ३:३५ ला चार्ल्स ऑर्झेटीने दुसरा गोल केला: पहिला फटका हार्टझेलने अडवला, पण उसळून आलेला पक ऑर्झेटीच्याच काठीवर आला. गोलकीपरचं अर्धं कौशल्य अडवण्यात आणि अर्धं अडवलेला पक कुठे जाईल हे ठरवण्यात असतं. कोपऱ्यात ढकलता आला तर वाचला, समोर पडला तर तो पुन्हा फटका. ९:०६ ला मिलर बचावाच्या मागे एकटा सुटला आणि ३-०. तोच स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

इथे क्विनिपियॅकचे प्रशिक्षक रँड पेकनोल्ड यांनी सुमारे सात मिनिटं बाकी असताना गोलकीपर बाहेर काढून सहावा आक्रमक उतरवला. सहसा हे शेवटच्या दीड-दोन मिनिटांत करतात. पण हिशेब बघा: तीन गोलने मागे असताना ३-० ने हरा किंवा ४-० ने, फळ एकच. मोकळ्या गोलचा धोका पत्करला तर निदान एक जादा माणूस जास्त वेळ मिळतो, आणि तीन गोल करायला दीड मिनिट पुरत नाही. निर्णय बरोबर होता, फळला नाही. जेसी रूटने पक मिळवून रिकाम्या गोलमध्ये धाडला. ४-०.

येलचा गोलकीपर जेफ माल्कमने ३६ फटके अडवले, हा आकडा काहीजण क्विनिपियॅकच्या वर्चस्वाचा पुरावा म्हणून देतात. मला त्यात दुसरंही काही दिसतं. मागे पडलेला संघ जिथून मिळेल तिथून मारतो, त्यामुळे फटके वाढतात आणि त्यांचा दर्जा घसरतो. अर्थात हे माल्कमचं श्रेय कमी करण्यासाठी सांगत नाही. बरोबरी असताना एक जरी गोल आधी पडला असता तर वर सांगितलेलं सगळं उलट दिशेने घडलं असतं. येलला वर यावं लागलं असतं आणि क्विनिपियॅकने दार लावून घेतलं असतं. येलचे प्रशिक्षक कीथ अॅलेन स्वतः येलचेच गोलकीपर होते आणि पुढे एनएचएलमध्ये त्यांनी गोलकीपरांना शिकवलं. गोलकीपरमागे उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

आधीच्या तीन पराभवांचा उपयोग झाला का? माझं मत, हो, पण लोक समजतात तसा सूडभावनेतून नाही. चार वेळा त्याच पाच जणांसमोर खेळलं की कोणता बचावपटू कोणत्या बाजूला वळतो, फेस-ऑफवर त्यांचा सेंटर पक कुठे ओढतो, पेनल्टी भोगताना त्यांचे चार जण चौकोनात उभे राहतात की पसरतात, हे अंगात मुरतं. जिंकणाऱ्यालाही ही माहिती मिळते, पण तो काही बदलत नाही. बदलायचं कारणच नसतं. हरणाऱ्याला बदलावंच लागतं. शिवाय ही बाद फेरी, सातपैकी चार जिंकायची मालिका नव्हे. मालिकेत १३-३ ने हरणारा संघ बहुधा पुन्हा हरतो. एका रात्रीत एक पक काठीला लागून वळला की पुरे.

येलचं हॉकीतलं हे पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद. ईसीएसीलाही १९८९ मध्ये हार्वर्ड जिंकल्यानंतर पहिल्यांदाच ते मिळालं. पुढच्याच वर्षी युनियनने, म्हणजे ज्यांनी येलला ५-० ने धुतलं होतं त्यांनी, मिनेसोटाला ७-४ ने हरवून ते पुन्हा परिषदेत आणलं.

क्विनिपियॅकला दहा वर्षं थांबावं लागलं. ८ एप्रिल २०२३, टँपा, अंतिम सामना, समोर मिनेसोटा. प्रशिक्षक तेच पेकनोल्ड. क्विनिपियॅक ०-२ ने मागे होतं. तिसऱ्या भागात तीन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना, गोल रिकामा ठेवून सहावा आक्रमक बर्फावर असताना, कॉलिन ग्राफने २-२ अशी बरोबरी केली. अतिरिक्त वेळेत जेकब क्विलनने दहाव्या सेकंदाला गोल केला आणि ते ३-२ ने जिंकले.